प्रीऑर्डर आणि इनऑर्डरवरून बायनरी ट्री उभारताना उजवी बाजू चुकते : कारणे आणि दुरुस्ती

समस्येचे स्वरूप असे आहे. बायनरी ट्री म्हणजे नोडची अशी रचना, की प्रत्येक नोडखाली फार तर एक डावे आणि एक उजवे मूल असते; सर्वांत वरचा नोड म्हणजे रूट, आणि एखादे मूल व त्याखालचा सगळा भाग म्हणजे सबट्री. हे नोड ठरलेल्या दोन क्रमांनी लिहिलेल्या प्रीऑर्डर आणि इनऑर्डर अशा दोन याद्या देऊन मूळ बायनरी ट्री पुन्हा उभारण्यास सांगितले जाते. विद्यार्थी रिकर्शनचे, म्हणजे स्वतःलाच पुन्हा हाक मारणारे, फंक्शन लिहितो, स्वतःच्या मनाने घेतलेल्या तीन नोडच्या उदाहरणावर ते बरोबर चालते, आणि मोठे उदाहरण देताच एक तर ‘इंडेक्स आउट ऑफ रेंज’ असा संदेश येतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कोणताही संदेश न येता काही नोड गायब झालेला ट्री हाती पडतो. लातूरला संध्याकाळच्या सरावासाठी येणाऱ्या संगणक अभियांत्रिकीच्या मुलामुलींबरोबर मी हा प्रश्न दरवर्षी सोडवतो आणि दरवर्षी जवळजवळ तोच कोड, त्याच ओळीवर अडलेला, माझ्यासमोर येतो. त्या ओळीत इनऑर्डरमधील रूटचे स्थान हीच डाव्या सबट्रीतील नोडची संख्या आहे असे गृहीत धरलेले असते. या दोन गोष्टी सुरुवातीला योगायोगाने सारख्या दिसतात, म्हणून चूक लपून राहते.

पुढील सगळे विवेचन एकाच उदाहरणावर करतो. अक्षरे किंवा आकडे घेतले की डावे कोणते आणि उजवे कोणते हे मुलांना केवळ पाठ करावे लागते. नदी घेतली की ते दिसते. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताला डावा काठ असतो. गोदावरीला डाव्या काठाने पूर्णा मिळते आणि उजव्या काठाने मांजरा मिळते. पूर्णेला उजव्या काठाने दुधना मिळते. मांजरेला डाव्या काठाने लेंडी आणि उजव्या काठाने तेरणा मिळते. गोदावरी हा रूट धरला की सहा नोडचा बायनरी ट्री तयार होतो. सिंदफणादेखील गोदावरीला उजव्या काठानेच मिळते. परंतु बायनरी ट्रीमध्ये एका नोडला उजवीकडे एकच जागा असल्यामुळे तिला येथे बाजूला ठेवले आहे.

प्रीऑर्डरमध्ये आधी रूट, मग डावा सबट्री, मग उजवा सबट्री येतो. म्हणून यादी होते : गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा, लेंडी, तेरणा. इनऑर्डरमध्ये आधी डावा सबट्री, मग रूट, मग उजवा सबट्री येतो. ती यादी होते : पूर्णा, दुधना, गोदावरी, लेंडी, मांजरा, तेरणा. दोन्ही याद्यांतील स्थाने शून्यापासून मोजली आहेत, म्हणजे इनऑर्डरमध्ये पूर्णा ० वर, गोदावरी २ वर आणि तेरणा ५ वर आहे. पूर्णेला डावीकडे कोणी नाही, त्यामुळे इनऑर्डरमध्ये ती दुधनेच्या आधी येते. येथे पुष्कळांचा हात अडखळतो, म्हणून ही यादी एकदा स्वतः लिहून पाहावी.

कोड तपासण्यापूर्वी उत्तर तपासावे

उभारलेल्या ट्रीची प्रीऑर्डर आणि इनऑर्डर पुन्हा काढून मूळ याद्यांशी ताडून पाहणे ही पहिली पायरी आहे. दोन्ही ताडणे आवश्यक आहे. अनेकजण केवळ इनऑर्डर छापून ती जुळली म्हणून समाधान मानतात. परंतु सहा नोडच्या ट्रीचे १३२ वेगवेगळे आकार असतात आणि त्यांपैकी प्रत्येक आकारात नावे अशा रीतीने भरता येतात की इनऑर्डर दिलेल्या यादीसारखीच येईल. तेव्हा एकटी इनऑर्डर जुळण्याने आकाराविषयी काहीही सिद्ध होत नाही. सर्व नावे वेगवेगळी असतील आणि दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या असतील, तर मात्र ट्री बरोबर आहे याविषयी शंका उरत नाही, कारण त्या जोडीला बसणारा ट्री एकच असतो.

न जुळल्यास नोड मोजावेत. संख्या कमी भरली तर चूक बहुधा मर्यादांच्या हिशेबात असते. जास्त भरली तर प्रीऑर्डरमधील पुढचा घटक दाखवणारा निर्देशक नीट सरकलेला नसतो. आणि संख्या बरोबर असूनही क्रम चुकला असेल तर डावे-उजवे यांची अदलाबदल किंवा सदोष याद्या यांकडे पाहावे. या एका मोजणीने शोधाचे क्षेत्र बरेच लहान होते.

मुख्य चूक : स्थान म्हणजे संख्या नव्हे

पद्धत सर्वांना माहीत असते. प्रीऑर्डरचा पहिला घटक रूट असतो. तो इनऑर्डरमध्ये शोधायचा. त्याच्या डावीकडचे सगळे डाव्या सबट्रीत आणि उजवीकडचे सगळे उजव्या सबट्रीत जातात. डाव्या सबट्रीत जितके नोड असतील तितकेच घटक प्रीऑर्डरमध्ये रूटनंतर लगेच डाव्या सबट्रीचे असतात आणि त्यांच्या पुढे उजवा सबट्री सुरू होतो. म्हणून उजव्या सबट्रीची प्रीऑर्डरमधील सुरुवात काढण्यासाठी डाव्या सबट्रीतील नोडची संख्या हवी असते.

आता गोदावरीच्या पातळीवर पाहा. इनऑर्डरमध्ये गोदावरी २ या स्थानावर आहे आणि तिच्या डावीकडे पूर्णा व दुधना असे दोनच नोड आहेत. स्थान २, संख्याही २. हे दोन्ही सारखे आले याचे कारण पाहत असलेला पट्टा, म्हणजे इनऑर्डरचा तेवढा भाग, ० पासून सुरू होतो, एवढेच आहे. विद्यार्थी येथे ‘मध्य’, म्हणजे रूटचे इनऑर्डरमधील स्थान, हीच संख्या म्हणून वापरतो, उत्तर बरोबर येते आणि तो पुढे जातो.

उजवीकडे वळल्यावर पट्टा ३ ते ५ असा असतो आणि प्रीऑर्डरची सुरुवातही ३ वर असते, जेथे मांजरा आहे. इनऑर्डरमध्ये मांजरेचे स्थान ४ आहे, परंतु या पट्ट्यात तिच्या डावीकडे एकटी लेंडी आहे, म्हणजे संख्या १ आहे. चुकीचा कोड संख्या ४ धरतो. त्यामुळे मांजरेच्या उजव्या सबट्रीची सुरुवात ३ + ४ + १ म्हणजे ८ वर निघते, तर यादी ५ वरच संपलेली असते. पायथन आणि जावा येथे चूक दाखवून थांबतात. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टरवर चौकटी कंसाने वाचन केले असेल तर मर्यादा तपासली जात नाही आणि काय वाचले जाईल याची कसलीही हमी उरत नाही; तेथे हाच कोड एका संगणकावर चालतो आणि दुसऱ्यावर कोसळतो, आणि विद्यार्थी कंपायलरला दोष देत बसतो.

गायब होणाऱ्या नोडचे कारणही येथेच आहे. काहीजण प्रीऑर्डरची सुरुवात आणि शेवट असे दोन्ही आकडे बरोबर नेतात आणि दोन्हींपैकी कोणताही पट्टा रिकामा असेल तर रिकामा नोड परत करतात. ही अट दिसायला सावधगिरीची आहे. पण वरच्या चुकीबरोबर ती असली की ८ ते ५ हा पट्टा ‘रिकामा’ ठरतो, फंक्शन शांतपणे परत येते आणि तेरणा ट्रीमधून नाहीशी होते. पाच नद्यांचा व्यवस्थित दिसणारा ट्री तयार होतो आणि कोणताही संदेश येत नाही. वर्गात फळ्यावर हा ट्री काढल्यानंतर धाराशिवकडच्या एका विद्यार्थिनीनेच सर्वांत आधी विचारले की, तेरणा कुठे गेली? तिला कोड वाचण्यापूर्वी नकाशा दिसला होता, आणि म्हणूनच मी ओळखीच्या नावांवर तपासणी करण्याचा आग्रह धरतो.

दुरुस्ती एका वजाबाकीची आहे : डाव्या नोडची संख्या म्हणजे मध्य वजा इनऑर्डर पट्ट्याची सुरुवात. संपूर्ण मांडणी अशी होते; तीत ‘प्री’ ही प्रीऑर्डरची यादी आहे आणि ‘स्थान’ हा हॅशमॅप, म्हणजे नाव दिले की त्याचे इनऑर्डरमधील स्थान लगेच देणारा तक्ता, आहे.

उभार(प्रीआरंभ, इनआरंभ, इनशेवट)
    इनआरंभ > इनशेवट असेल तर रिकामा नोड परत कर
    रूट = नवा नोड(प्री[प्रीआरंभ])
    मध्य = स्थान[प्री[प्रीआरंभ]]
    मध्य हा इनआरंभ ते इनशेवट यांत नसेल तर चूक कळवून थांब
    डावेनोड = मध्य − इनआरंभ
    रूट.डावा = उभार(प्रीआरंभ + १, इनआरंभ, मध्य − १)
    रूट.उजवा = उभार(प्रीआरंभ + १ + डावेनोड, मध्य + १, इनशेवट)
    रूट परत कर

यात प्रीऑर्डरचा शेवट मुद्दाम घेतलेला नाही. इनऑर्डरचा पट्टा रिकामा झाला की सबट्री संपला, एवढी एकच अट पुरेशी आहे. दुसरी अट ठेवल्याने बरोबर कोडला काही लाभ होत नाही आणि चुकीच्या कोडची चूक मात्र झाकली जाते.

ही चूक नेमकी कधी उघडी पडते हेही सांगता येते. ज्या नोडचा इनऑर्डर पट्टा शून्याच्या पुढे सुरू होतो, म्हणजेच जो नोड कुणाच्या तरी उजव्या सबट्रीत आहे, आणि ज्याला स्वतःला उजवे मूल आहे, असा एक तरी नोड ट्रीमध्ये असावा लागतो. तीन नोडच्या ट्रीचे पाच आकार असतात आणि त्यांपैकी फक्त एकात, म्हणजे उजवीकडून उजवीकडे जाणाऱ्या सरळ साखळीत, असा नोड सापडतो. विद्यार्थी मात्र बहुतेक वेळा वर एक आणि खाली दोन असा सुबक आकार घेतात. त्यामुळे स्वतःच्या उदाहरणावर चालणारा कोड परीक्षेत किंवा ऑनलाइन परीक्षकासमोर (सादर केलेला कोड आपोआप तपासणाऱ्या प्रणालीसमोर) पडतो यात नवल वाटण्याचे कारण नाही.

सरकता निर्देशक वापरणाऱ्यांसाठी

दुसरा एक गट प्रीऑर्डरसाठी एकच निर्देशक ठेवतो. प्रत्येक नोड बनवला की तो एकाने पुढे जातो आणि फंक्शनला केवळ इनऑर्डरचा पट्टा दिला जातो. मला स्वतःला ही पद्धत अधिक आवडते, कारण तिच्यात डाव्या नोडची संख्या काढावीच लागत नाही : डावा सबट्री पूर्ण होईपर्यंत निर्देशक आपोआप उजव्या सबट्रीच्या रूटवर येऊन थांबलेला असतो. परंतु त्यासाठी निर्देशक सर्व हाकांमध्ये सामायिक असणे आवश्यक आहे. जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये साधा पूर्णांक फंक्शनला दिला तर त्याची प्रत जाते. डाव्या हाकेत ती प्रत कितीही पुढे गेली तरी उजव्या हाकेला जुनाच आकडा मिळतो, आणि गोदावरीच्या उजव्या बाजूस मांजरेऐवजी पुन्हा पूर्णाच येऊन बसते. तोच नोड दोनदा दिसला की हे कारण समजावे. सी प्लस प्लसमध्ये तो संदर्भाने द्यावा, जावामध्ये क्लासचे क्षेत्र किंवा एका घटकाचा ॲरे वापरावा, आणि पायथनमध्ये आतल्या फंक्शनात ‘नॉनलोकल’ असे घोषित करावे.

सामायिक केलेल्या निर्देशकाचीही एक अडचण आहे. तो स्टॅटिक किंवा ग्लोबल ठेवला आणि प्रत्येक नव्या प्रश्नाच्या सुरुवातीस शून्य केला नाही, तर पहिले उदाहरण बरोबर सुटते आणि दुसरे सुरू होताच कोड कोसळतो. ‘माझ्या संगणकावर चालते, तेथे सादर केल्यावर चालत नाही’ ही तक्रार आली की मी आधी हेच पाहतो, कारण स्वतःच्या संगणकावर आपण प्रत्येक वेळी प्रोग्रॅम नव्याने सुरू करतो आणि परीक्षक मात्र एकाच चालू प्रोग्रॅमला अनेक उदाहरणे देऊ शकतो. इनऑर्डरमधील स्थानांचा हॅशमॅपही असाच प्रत्येक वेळी रिकामा करावा लागतो.

पोस्टऑर्डर आणि इनऑर्डर दिली असता निर्देशक शेवटाकडून मागे येतो. पोस्टऑर्डरमध्ये आधी डावा, मग उजवा, मग रूट असतो, म्हणून आपली यादी दुधना, पूर्णा, लेंडी, तेरणा, मांजरा, गोदावरी अशी होते आणि उलट वाचल्यास गोदावरीनंतर लगेच मांजरा येते. याचा अर्थ असा की उजवा सबट्री आधी उभारला पाहिजे. प्रीऑर्डरचा कोड उचलून त्यात केवळ ‘अधिक एक’चे ‘वजा एक’ केले आणि हाकांचा क्रम तसाच ठेवला, तर मांजरा ही पूर्णा-दुधनेच्या पट्ट्यात शोधली जाते आणि तेथून पुढे सर्वच बिघडते. पायथनमध्ये येथे आणखी एक धोका असतो : निर्देशक शून्याच्या खाली गेला तर वजा एक हे स्थान चूक न मानता यादीचा शेवटचा घटक दिला जातो, आणि एखाद्या पानाखाली (मुले नसलेल्या नोडखाली) पुन्हा गोदावरी अवतरते. निर्देशक ऋण होताच थांबणारी तपासणी लिहून ठेवावी.

कोड बरोबर असून याद्या सदोष असतील तर

एकाच यादीत तेच मूल्य दोनदा असेल तर प्रश्नाला एकच उत्तर असेल असे मुळातच म्हणता येत नाही. ७, ७ अशी प्रीऑर्डर आणि ७, ७ अशीच इनऑर्डर घ्या. खालचा ७ वरच्या ७ च्या डावीकडे असला तरी याच याद्या येतात आणि उजवीकडे असला तरी याच येतात. हॅशमॅपमध्ये एका मूल्यासाठी शेवटचे स्थान तेवढे उरते, त्यामुळे रिकर्शन पट्ट्याबाहेर भरकटते किंवा त्याच पट्ट्यात अडकून प्रीऑर्डर संपेपर्यंत फिरत राहते. यावर कोडमध्ये युक्ती शोधण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक नोडला स्वतंत्र क्रमांक देऊन याद्या त्या क्रमांकांच्या कराव्यात.

दोन याद्या परस्परांशी विसंगत असणे हे दुसरे कारण आहे. १, २, ३ अशी प्रीऑर्डर दिली तर इनऑर्डर म्हणून या तीन आकड्यांच्या सहा मांडण्यांपैकी पाचच शक्य असतात. ३, १, २ ही मांडणी कोणत्याही ट्रीतून निघत नाही, कारण ३ हा १ च्या डावीकडे असता तर प्रीऑर्डरमध्ये तो २ च्या आधी आला असता. हाताने बनवलेल्या सराव-प्रश्नांत असे विसंगत आकडे सर्रास असतात, आणि विद्यार्थी रात्रभर स्वतःच्या बरोबर कोडमध्ये चूक शोधत राहतो. वरील मांडणीत ‘मध्य पट्ट्यात नसेल तर थांब’ ही ओळ त्यासाठीच आहे. नद्यांच्या इनऑर्डरमध्ये पूर्णा आणि तेरणा यांची अदलाबदल करून पाहा : गोदावरीच्या डाव्या पट्ट्यात पूर्णा शोधताना ती स्थान ५ वर सापडते आणि तपासणी तत्काळ थांबवते.

नावे वापरणाऱ्यांनी लेखनातील भेदही तपासावा. सिंदफणा आणि सिंधफणा ही दोन्ही रूपे आपल्याकडे लिहिली जातात. एक यादी एकाने आणि दुसरी दुसऱ्याने टंकलिखित केली असेल तर हॅशमॅपमध्ये नाव सापडत नाही. त्याहून फसवा प्रकार म्हणजे डोळ्यांना सारखीच दिसणारी, परंतु आतून वेगळी असलेली अक्षरे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक अखंड अक्षर म्हणूनही साठवता येते आणि ‘र’ व त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांनीही साठवता येते. पडद्यावर फरक दिसत नाही, तुलना मात्र अपयशी ठरते. नावाच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा हाही याच जातीचा दोष आहे. याद्या वाचल्याबरोबर शेवटच्या रिकाम्या जागा काढून, युनिकोड प्रमाणीकरण करून, दोन्ही याद्यांची लांबी आणि त्यांतील घटकांचा संच सारखा आहे का हे तपासावे.

जावामध्ये पूर्णांक ‘इंटिजर’ या वस्तूच्या रूपात यादीत ठेवून दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडले, तर −१२८ ते १२७ या मर्यादेत तुलना बरोबर येते, कारण त्या वस्तू आधीच साठवलेल्या असतात; त्यापलीकडे समान मूल्येही असमान ठरू शकतात. लहान आकड्यांवर चालणारा आणि मोठ्या आकड्यांवर न चालणारा कोड दिसला तर ‘इक्वल्स’ वापरले आहे का, एवढे पाहावे.

उत्तर बरोबर, पण वेळ किंवा स्टॅक पुरत नाही

रूट प्रत्येक वेळी इनऑर्डरमध्ये पहिल्यापासून शोधत गेल्यास डावीकडे झुकलेल्या साखळीत तो दरवेळी पट्ट्याच्या अगदी शेवटी सापडतो. १,००,००० नोडसाठी ही तुलना सुमारे ५०० कोटी वेळा होते. हॅशमॅप एकदाच भरून ठेवला की प्रत्येक शोध सरासरी एका पावलात होतो. तरीही कोड मंद राहिला तर याद्यांचे तुकडे पाहावेत. पायथनमधील स्लाइस प्रत्येक वेळी नवी यादी बनवते, आणि साखळीच्या आकारात हे तुकडे मिळून पुन्हा वर्गाच्या प्रमाणात वेळ व स्मृती खातात. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टर किंवा मॅप संदर्भाचे चिन्ह न लावता फंक्शनला दिला असेल तर प्रत्येक हाकेत त्याची संपूर्ण प्रत होते. एका चिन्हाच्या अभावी रेषीय, म्हणजे नोडच्या संख्येच्या प्रमाणात वेळ घेणारा, कोड वर्गीय होतो. याद्या एकदाच ठेवून केवळ मर्यादांचे आकडे पुढे नेणे हा दोन्हींवरचा उपाय आहे.

रिकर्शनच्या खोलीचा प्रश्न वेगळा आहे. पायथनची मूळ मर्यादा १,००० हाकांची असते. लीटकोड या ऑनलाइन सराव-संकेतस्थळावरील १०५ क्रमांकाच्या या प्रश्नात नोड ३,००० पर्यंत असू शकतात, म्हणजे साखळीच्या आकाराचे उदाहरण आपल्या संगणकावर चालवले तर ते मूळ मर्यादेत मावत नाही. मर्यादा वाढवता येते. परंतु लाखभर नोडच्या साखळीसाठी ती वाढवत नेण्यापेक्षा रिकर्शन सोडून स्वतःचा स्टॅक, म्हणजे शेवटी ठेवलेला घटक आधी निघतो अशी चळत, वापरणे मला योग्य वाटते.

त्याची रीत अशी आहे. रूट स्टॅकवर ठेवावा आणि इनऑर्डरच्या पहिल्या घटकावर बोट ठेवावे. प्रीऑर्डरमधील पुढचा प्रत्येक नोड घेताना, स्टॅकच्या माथ्यावरचा नोड आणि बोटाखालचा घटक वेगळे असतील, तर नवा नोड माथ्यावरच्याचे डावे मूल होतो. ते सारखे असतील, तर सारखे आहेत तोपर्यंत माथ्यावरचा नोड काढत आणि बोट पुढे सरकवत जावे, आणि सर्वांत शेवटी काढलेल्या नोडचे उजवे मूल म्हणून नवा नोड जोडावा. दोन्ही वेळी नवा नोड स्टॅकवर जातो. आपल्या उदाहरणात पूर्णा गोदावरीच्या डावीकडे लागते, कारण माथ्यावर गोदावरी आहे आणि बोट पूर्णेवर आहे. दुधना आली तेव्हा माथ्यावर आणि बोटाखाली दोन्हीकडे पूर्णाच असते. पूर्णा निघते, बोट दुधनेवर जाते, माथ्यावर गोदावरी उरते आणि दुधना पूर्णेच्या उजवीकडे लागते. मांजरा आली की दुधना आणि गोदावरी अशा दोघी लागोपाठ निघतात, शेवटची गोदावरी असल्यामुळे मांजरा तिच्या उजवीकडे जाते. उरलेल्या लेंडी आणि तेरणा कागदावर करून पाहाव्यात. प्रत्येक नोड एकदाच स्टॅकवर चढतो आणि फार तर एकदाच उतरतो, त्यामुळे वेळ रेषीय राहतो आणि हॅशमॅपचीही गरज पडत नाही. मात्र मूल्ये वेगवेगळी असण्याची अट येथेही कायम आहे.

प्रीऑर्डर आणि पोस्टऑर्डर दिली असेल तर

या जोडीबाबत विद्यार्थी माझ्याकडे ‘उत्तर जुळत नाही’ अशी तक्रार घेऊन येतात आणि बहुधा त्यांचा कोड निर्दोष असतो. प्रीऑर्डरमध्ये पूर्णेनंतर दुधना येते आणि पोस्टऑर्डरमध्ये पूर्णेच्या आधी दुधना येते. यावरून दुधना पूर्णेला मिळते एवढे निश्चित कळते. ती कोणत्या काठाने मिळते हे मात्र या दोन याद्यांत कोठेही लिहिलेले नाही. प्रचलित कोड एकुलते मूल डावीकडे टाकतो आणि त्यामुळे दुधना पूर्णेच्या डाव्या काठाला जाते. मांजरेच्या बाबतीत अशी अडचण येत नाही, कारण तिला दोन्ही मुले आहेत आणि त्यांचा क्रमच डावे-उजवे ठरवतो. ज्या ट्रीमध्ये एकुलते मूल असलेले नोड क इतके असतील त्याच्या या जोडीला बसणारे ट्री दोनाचा क वा घात इतके असतात. येथे असा नोड एकटी पूर्णा आहे, म्हणून दोन. प्रत्येक नोडला शून्य किंवा दोनच मुले आहेत अशी हमी प्रश्नात दिली असेल तरच उत्तर एकमेव असते. ती हमी नसेल तर आपले उत्तर अपेक्षित ट्रीशी थेट न ताडता त्याच्या दोन्ही याद्या काढून ताडाव्यात, आणि काठ खरोखरच हवा असेल तर इनऑर्डर मागून घ्यावी.

दुरुस्तीनंतरची तपासणी

दुरुस्त केलेला कोड दोन-चार निवडक उदाहरणांवर सोडू नये. एक ते सहा नोडचे सर्व आकार तयार करणे अवघड नाही : डाव्या सबट्रीत शून्यापासून एकेक नोड वाढवत जावे, उरलेले उजवीकडे द्यावेत आणि दोन्हीकडचे सर्व आकार एकमेकांशी जोडावेत. ते १, २, ५, १४, ४२ आणि १३२, मिळून १९६ होतात. प्रत्येक आकारात वेगळे क्रमांक भरून त्याच्या याद्या काढाव्यात, त्या आपल्या फंक्शनला द्याव्यात आणि मिळालेला ट्री मूळ ट्रीशी नोडागणिक ताडावा. क्षणभरात होणाऱ्या या तपासणीत ‘स्थान म्हणजेच संख्या’ ही चूक तीन नोडवरच पकडली जाते, आणि सामायिक निर्देशक शून्य करायचा राहिला असेल तर तो दुसऱ्याच आकारावर उघडा पडतो, कारण सर्व आकार एकाच चालू प्रोग्रॅममध्ये एकापाठोपाठ दिले जातात. त्याखेरीज रिकामी यादी, आणि लाखभर नोडच्या दोन साखळ्या, एक पूर्ण डावी व एक पूर्ण उजवी, अशी तीन उदाहरणे स्वतंत्रपणे चालवावीत. डाव्या साखळीवर वेळ आणि उजव्या साखळीवर मर्यादांचा हिशेब तपासला जातो, आणि स्टॅकची खोली दोन्हींवर.